हजेरीपटाचें वाचन

वाङ्मयाच्या परीक्षणाला वाहिलेल्या पृष्ठांतून हजेरीपटासारख्या रुक्ष कागदाचा विचार व्हावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या लेखनाच्या खरेखोटेपणावर लक्षावधि माणसांची रोजची भाकरी अवलंबून असते, त्या लेखनाकडे टीकाकारानें पाठ फिरवावी, हें तरी कोणत्या न्यायानें? आपल्या देशांत दरवर्षीं जेवढें गद्य लिहिलें जातें, त्याचा फार मोठा भाग सरकारी दप्तरांत लिहिला जातो. त्याला लेखक असतो, पात्रें असतात, आरंभ असतो, आणि विनियोगाच्या दाखल्यानें होणारा गोड शेवटही असतो. नसतो तो एक वाचक. कारकुनानें लिहावें, वरिष्ठानें सही करावी, आणि लाल फितींत बांधून तें कपाटांत जावें, असा या वाङ्मयाचा आयुष्यक्रम आहे. गरिबांसाठीं सरकार ज्या योजना काढतें त्यांवर नागरिकांनीं देखरेख ठेवावी, असें आज सर्वत्र बोललें जातें. या देखरेखीचें खरें स्वरूप काय, तिचें यश कोणतें व अपयश कोठें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझ्या मतें ही देखरेख म्हणजे मूलतः एक प्रकारची टीकाच होय, आणि तिला टीकेच्याच कसोट्या लावून पाहणें योग्य होईल.

प्रथम हजेरीपट म्हणजे काय तें पाहूं. दुष्काळी किंवा रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मांडण्याचा हा कागद. खेड्यांत त्याला सरसहा ‘मस्टर’ म्हणतात. डाव्या बाजूस नांव, पुढें दिवसांचीं घरें, त्यांत हजर-गैरहजरच्या खुणा, मग दिवसांची बेरीज, मजुरीचा दर, एकूण रक्कम, आणि जुन्या पद्धतींत अखेरीस सही किंवा अंगठा. एका माणसाला एक ओळ. पात्राला इतकी थोडी जागा देणारा दुसरा वाङ्मयप्रकार मला माहीत नाहीं. परंतु याहूनही विलक्षण गोष्ट अशी कीं, ज्यांच्याविषयीं तो लिहिलेला असतो त्यांपैकीं पुष्कळांना तो वाचतां येत नाहीं, आणि तरीही तो खरा असल्याची साक्ष म्हणून अंगठा मात्र त्यांचाच घेतलेला असतो. न वाचलेल्या ग्रंथावर अभिप्राय देणारे परीक्षक आपण पाहिले आहेत. परंतु त्यांच्यावर तशी सक्ति कोणी केलेली नसते.

या वाङ्मयावर टीका करण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला, ही गोष्ट आज आपण जवळजवळ विसरलों आहों. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालीं स्थापन झाली. १८७६-७७ सालीं दक्षिणेंत घोर दुष्काळ पडला, तेव्हां गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेनें सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांत आपले वार्ताहर नेमले. पीकपाण्याची स्थिति, धान्याचे भाव, कामावरील मजुरांची दशा, गुरांचे हाल, ही सर्व माहिती पुण्यास येई; आणि ती नीट लावून सभा मुंबई सरकारकडे एकामागून एक पत्रें पाठवी. त्याच सुमारास लॉर्ड लिटन यांनीं दुष्काळी खर्चाची पाहणी करण्यास पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहावरून कामावरील मजुरी उतरविण्यांत आली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढ्यांत भागलें पाहिजे, असें त्या हिशेबाचें म्हणणें होतें. खडी फोडणारा माणूस एवढ्यावर जगूं शकत नाहीं, असें सभेनें सरकारास बजाविलें. मजुरांनीं तर याहून सोपा मार्ग धरला. हजारों लोक कामें सोडून चालते झाले. सरकारी आकड्यांवरील ती त्यांची टीका होती, आणि तिला भाषांतराची गरज नव्हती.

सभेचीं तीं पत्रें टीकेचा उत्तम नमुना आहेत. त्यांत आकड्याला आकड्यानें उत्तर आहे, भाषा संयमाची आहे, आणि जें प्रत्यक्ष पाहिलें त्याचाच आधार घेतलेला आहे. परंतु त्यांची मर्यादाही स्पष्ट आहे. तीं इंग्रजींत लिहिलेलीं होतीं व सरकारास उद्देशून होतीं. ज्या मजुराची बाजू त्यांत मांडली होती, त्याला आपल्याविषयीं काय लिहिलें गेलें हें कळण्याचा मार्ग नव्हता. सरकारी कागदांत तो पात्र होता. सभेच्या कागदांतही तो पात्रच राहिला. फरक इतकाच कीं, येथें त्याचा कैवारी लेखक होता. आम्हां सुशिक्षितांची ही जुनी खोड आहे. गरिबांविषयीं आपण मनापासून लिहितों. पण लिहितों तें वरच्यासाठीं.

पुढें वीस वर्षांनीं, १८९६-९७ च्या दुष्काळांत, हीच सभा टिळकांच्या अनुयायांच्या हातीं होती. मधल्या काळांत १८८० च्या दुष्काळ-मंडळाच्या शिफारशींवरून दुष्काळी नियमांची संहिता तयार झाली होती. दुष्काळांत सरकारनें काय करावें हें आतां सरकारच्याच लेखणीनें लिहिलेलें होतें. ‘केसरी’नें व सभेच्या प्रतिनिधींनीं या नियमांचा अर्थ खेड्यापाड्यांतील लोकांस मराठींत समजावून सांगण्याचा उद्योग आरंभिला. पीक बुडालें असल्यास साऱ्याच्या सुटीविषयीं नियम काय म्हणतो, काम मागितल्यास काय मिळावयास पाहिजे, हें शेतकरी प्रथमच ऐकत होता. परिणाम असा झाला कीं, १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. वाचकांनीं हा भेद ध्यानांत घ्यावा. सरकारला लिहिलेलीं पत्रें सरकारनें वर्षानुवर्षें घेतलीं; सरकारचा नियम रयतेला वाचून दाखवितांच मात्र त्याचा राग अनावर झाला. मजकूर कोणता यापेक्षां तो कोणापुढें वाचला जातो हें अधिक महत्त्वाचें, असा याचा अर्थ होतो.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानें रोजगार हमीचा जो प्रयोग केला, तो सर्व देशाला पुढें वळण लावणारा ठरला. वि. स. पागे यांनीं १९६५ च्या सुमारास तासगांव तालुक्यांत त्याची चाचणी घेतली. १९७२-७३ च्या दुष्काळांत त्याचा विस्तार झाला. त्यासाठीं १९७५ पासून शहरांतील नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय-कर बसला. आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागण्याचा हक्क कायद्यानें दिला, ही थोर गोष्ट झाली. त्या हक्कासाठीं मजुरांच्या संघटनांनीं तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेले, हीही देखरेखच होती, आणि तिनें पुष्कळ ठिकाणीं कामें सुरू झालीं. परंतु मोर्चा मागणी मांडतो. तो हजेरीपट वाचीत नाहीं. काम निघालें का, याची विचारणा झाली. काम झाल्यावर कागदावर काय चढलें, याची विचारणा मात्र क्वचित् झाली. तो कागद मुकादमाच्या पिशवींतून कचेरींत गेला व तेथेंच राहिला.

ही उणीव भरून काढण्याचें श्रेय राजस्थानांतील एका लहानशा संघटनेस आहे. सनदी नोकरीचा १९७५ सालीं राजीनामा दिलेल्या अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंग हीं मंडळी १९८७ सालीं देवडुंगरी या खेड्यांत राहावयास गेलीं. १ मे १९९० रोजीं भीम या गांवीं ‘मजदूर किसान शक्ती संघटने’ची स्थापना झाली. किमान वेतन कां मिळत नाहीं, असें मजुरांनीं विचारलें कीं, तुमचें काम कमी भरलें असें मोजमापाच्या पुस्तकांत लिहिलें आहे, असें उत्तर येई. तें पुस्तक दाखवा म्हटलें, तर तें गुप्त! तेव्हां भांडण मजुरीचें राहिलें नाहीं. तें वाचनाचें झालें. २ डिसेंबर १९९४ रोजीं पाली जिल्ह्यांतील कोट किराना येथें पहिली जनसुनवाई झाली. कागद पाहण्याचा कायदेशीर हक्क तेव्हां नव्हता. हातीं आलेलीं बिलें व हजेरीपट उघड्या मंडपांत, गांवकऱ्यांच्या समोर मोठ्यानें वाचण्यांत आले, इतकेंच.

इतकेंच खरें, परंतु त्यानें केवढी क्रांति झाली! या व पुढील सभांतून जीं नांवें वाचलीं गेलीं त्यांत कधीं कामावर न गेलेल्यांचीं नांवें निघालीं, गांव सोडून गेलेल्यांचीं निघालीं, मेलेल्यांचींही निघालीं. आपल्याकडे पोथी वाचण्याची परंपरा जुनी आहे. एकानें वाचावें, इतरांनीं ऐकावें. ज्याला अक्षर येत नाहीं तोही अशा श्रवणानें बहुश्रुत होतो. परंतु पोथीच्या श्रोत्यानें मध्यें उठून ‘हें खोटें आहे’ असें म्हणावयाचें नसतें. येथें तसें म्हणण्यासाठींच श्रोता बसलेला होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. त्या पंडितांनीं पोथ्या ताडून प्रक्षिप्त भाग वेगळा काढला. कोट किरान्याच्या मंडपांत मजूर बायका वेगळें काय करीत होत्या? एक पोथी सरकारी, दुसरी आठवणींतली. कोणता रस्ता कोणत्या महिन्यांत झाला, त्या वेळीं कोण कोणाच्या शेजारीं माती टाकीत होती, हें त्यांच्या तोंडपाठ होतें; आणि त्या पाठाशीं ताडून पाहतां हजेरीपटांतील प्रक्षेप एकेक करून उघडे पडत होते. निरक्षर माणूस टीकाकार होऊं शकतो, हें मला कोणत्याही साहित्यशास्त्राच्या ग्रंथानें इतक्या स्पष्टपणें शिकविलें नव्हतें.

यानंतरचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. ग्रामसेवकांनीं कागद दाखविण्यास विरोध केला. १९९६ च्या एप्रिलांत ब्यावर येथें चाळीस दिवसांचें धरणें झालें. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तेथून देशभर गेली. राजस्थानांत २००० सालीं व महाराष्ट्रांत २००२ सालीं माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले. २००५ सालीं देशाचा झाला. त्याच वर्षीं ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा झाला, आणि त्याच्या १७ व्या कलमानें ग्रामसभेकडून कामांचें सामाजिक अंकेक्षण करून घेण्याची तरतूद केली. म्हणजे १८९७ सालीं ज्या कृत्याबद्दल पुण्याच्या सभेची मान्यता गेली, तेंच कृत्य एकशें आठ वर्षांनीं सरकारनें कायद्यांत लिहून घेतलें. आंध्र प्रदेशांत तर त्यासाठीं २००९ सालीं स्वतंत्र संस्था निघाली. मजुरांच्या घरांतील शिकलेल्या मुलांमुलींना तयार करून गांवोगांव हिशेब ताडण्याचें काम तिनें चालविलें.

येथवर स्तुति झाली. परंतु टीकेवरही टीका झाली पाहिजे, नाहीं तर ती आरती होते. या देखरेखीसंबंधीं तीन आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला आक्षेप वाचकाच्या स्वातंत्र्याचा. अंकेक्षण करणारा विभाग योजना राबविणाऱ्यांपासून स्वतंत्र असावा, असें २०११ च्या नियमांनीं सांगितलें. पण त्याचा पैसा सरकारकडूनच यावयाचा. आणि तो वेळेवर न आल्यामुळें अनेक राज्यांत हें काम अडून बसलें. ज्या परीक्षकाचें मानधन लेखकाच्या हातीं, त्याच्या परीक्षणाची धार किती दिवस टिकेल? मासिकांच्या वाचकांस हा प्रश्न समजावून देण्याचें कारण नाहीं.

दुसरा आक्षेप फळाचा. फरझाना अफ्रिदी व वेगार्ड आयव्हर्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनीं आंध्रांतील अंकेक्षणाचे अहवाल तपासले. त्यांना असें आढळलें कीं, वारंवार अंकेक्षण होऊनही गैरप्रकारांची संख्या घटली नाहीं. मजुरीच्या हिशेबांतली लबाडी पकडली जाऊं लागतांच ती सिमेंट, खडी अशा सामानाच्या हिशेबांत शिरली, जेथें मजुराची आठवण चालत नाहीं. सापडलेल्या रकमांची वसुलीही थोडीच झाली. हें स्वाभाविक आहे. कामावर कोण होतें हें मजूर बाई सांगूं शकते. बांधांत सिमेंटचीं किती पोतीं गेलीं हें तिनें कसें सांगावें? वाचक शहाणा झाला कीं लेखकही शहाणा होतो. दोष दाखविणें एक, आणि दोषाचें शासन होणें दुसरें. पहिल्यानें दुसऱ्याची जागा घेतली म्हणजे टीका हा एक समारंभ होऊन बसतो. लोक जमतात, अहवाल वाचला जातो, चहा होतो, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां तोच अहवाल येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यानें माझ्या मनास फार दिवस त्रास दिला आहे. गरिबांच्या योजनेंतील दोष चवाट्यावर मांडले असतां, ती योजनाच नको असणाऱ्यांच्या हातीं आपण शस्त्र देत नाहीं काय? पश्चिम बंगालचें उदाहरण घ्या. गैरव्यवहाराचें कारण दाखवून केंद्र सरकारनें २०२२ च्या मार्चपासून त्या राज्याचा रोजगार हमीचा निधि थांबविला. लबाडी असेल तर ती कारकुनाची, ठेकेदाराची, पुढाऱ्याची. काम बंद झालें तें मजुरांचें. १ ऑगस्ट २०२५ पासून योजना पुन्हां सुरू करावी, असा कलकत्ता उच्च न्यायालयाचा आदेश येईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. कादंबरींत चुका सांपडल्या म्हणून कोणी पात्रांना उपाशी ठेवीत नाहीं. येथें तसें झालें.

तरी या आक्षेपाचें उत्तर मौनानें देतां येईल, असें मला वाटत नाहीं. चोरी झांकली म्हणजे योजना वांचते, ही समजूत भ्रामक आहे. कारण झांकलेली चोरी मजुराच्याच ताटांतून होत असते, आणि तें त्याला आपल्या आधीं ठाऊक असतें. उत्तर वाचन कोणासाठीं करावयाचें याच्या विवेकांत आहे. जो अहवाल केवळ वर पाठविला जातो त्याचा उपयोग वरचे लोक आपल्या सोयीनें करतात. जें वाचन मजुरांपुढें होतें त्याची पहिली मागणी ‘माझे राहिलेले पैसे द्या’ ही असते. ‘योजना बंद करा’ असें कोणत्याही जनसुनवाईंत मजुरानें म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. दोष शोधणाऱ्याचें प्रेम ज्या वस्तूवर आहे ती वस्तु त्याच्या टीकेनें मरत नाहीं. परक्याच्या हातीं गेलेली टीका मात्र मारक होते.

हल्लीं या वाचनाला एक नवा पर्याय निघाला आहे. २०२१ सालीं सरकारनें कामावरील मजुरांचीं छायाचित्रें मोबाइलवरून पाठविण्याची पद्धत काढली व १ जानेवारी २०२३ पासून ती बहुतेक सर्व कामांस सक्तीची केली. दिवसांतून दोनदां चित्र घ्यावयाचें; मग लबाडीला जागा कोठली? परंतु २०२५ च्या जुलैंत खुद्द केंद्रीय मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावें लागलें कीं, कामाशीं संबंध नसलेलीं चित्रें, इतकेंच काय, चित्रांचींच पुन्हां काढलेलीं चित्रें पाठविलीं जात आहेत. याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. यंत्र पाहतें, पण ओळखीत नाहीं. चित्रांतली बाई या गांवची नव्हे, हें गांवांतल्या दुसऱ्या बाईला एका दृष्टिक्षेपांत कळतें. २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला, आणि कागदावरील हमी शंभरांवरून एकशें पंचवीस दिवसांवर गेली. दिवस वाढले हें चांगलें. पण ते कोणाच्या नांवावर चढले, हें कोण वाचणार हा प्रश्न जुनाच राहतो.

शेवटीं एक स्वतःचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या निमित्तानें मी विद्यार्थ्यांना घेऊन एका खेड्यांत गेलों होतों. एका मुलानें त्या गांवचा हजेरीपट सरकारनेंच सर्वांस खुल्या केलेल्या संकेतस्थळावरून छापून आणला. छापलेलें सर्व वाचलें जातेंच असें नाहीं, हें लेखकांना सांगावयास नको. गांवांत तो कागद कोणी पाहिलेला नव्हता. संध्याकाळीं देवळाच्या पारावर त्यानें नांवें वाचावयास आरंभ केला. तो भरभर वाचीत होता, परीक्षेला बसल्यासारखा. पुढें बसलेली एक म्हातारी म्हणाली, “लेकरा, हळू वाच. माझं नांव पुन्यांदा सांग, आन् दिस किती लिवलेत ते सांग.” त्यानें सांगितलें, बारा दिवस. तिनें बोटांवर मोजलें. तिच्या हिशेबानें ते सहाच भरत होते. आणि पैसेही तिला सहांचेच मिळाले होते. ती रागावली नाहीं. उरलेले सहा दिवस कोणीं केले, एवढेंच तिनें विचारलें, आणि पारावर बसलेल्यांपैकीं दोघे-तिघे खालीं पाहूं लागले.

त्या प्रश्नाचें पुढें काय झालें? आम्हीं लेखी तक्रार केली. संबंधित कचेरीचें उत्तर आलें नाहीं. शिबिर संपलें व आम्ही परत आलों. ही माझ्या टीकेची मर्यादा, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु पुढच्या वर्षीं तोच मुलगा सुटींत आपण होऊन त्या गांवीं गेला, तेव्हां म्हातारीनें त्याला ओळखलें व नवा कागद आणला आहेस का म्हणून विचारलें. व्यवसाय-कर भरणारे, दोन अक्षरें शिकलेले आपण सर्वजण या कामांत एवढें तरी निश्चित करूं शकतों. सार्वजनिक सभेप्रमाणें वर पत्रें लिहावींत. पण त्याआधीं तो कागद पारावर नेऊन, ज्याचें नांव त्यांत आहे त्याला ऐकूं जाईल अशा आवाजांत, सावकाश वाचावा. आणि मग तो बोलूं लागला म्हणजे आपण ऐकत बसावें.